उधळ्या पुत्राचं कीर्तन

वैराग हे बाजाराचं गाव. सोलापूर–बार्शी रस्त्यावरचं, बार्शीहून लहान, पण आसपासच्या खेड्यांना सगळ्या कामाला इथंच यावं लागतं. इंग्रजांनी १८८४ साली सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही व्यापाराची पेठ म्हणून वैरागची नोंद आहे. गावचं दैवत संतनाथ महाराज. आषाढी जवळ आली की मराठवाड्याकडच्या दिंड्या आमच्या भागातून पंढरीची वाट धरतात आणि कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही, नुसता टाळ.

या गावात आम्ही ख्रिस्ती माणसं थोडी. नाताळाला सगळी एका अंगणात मावतो. माझी सगळी नोकरी परिचारिकेची, शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातलं. आता निवृत्त आहे आणि रविवारच्या प्रार्थनेत पेटी वाजवते. आमच्या प्रार्थनेतही टाळ असतो. शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन बसते आणि विचारते, "ताई, तुमचं पण भजनच असतंय व्हय?" व्हय, भजनच असतंय. ते कुठून आलं, कुणी बांधलं आणि बांधणाऱ्यांनी त्यापायी काय काय हातचं सोडलं, हे आमच्याच पोरांना ठाऊक नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अमेरिकन मिशनची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरली. नगरला मिशनचं ठाणं पडलं १८३१ साली. तिथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघू लागलं. सोलापुरात काम उभं राहिलं ते १८६०च्या पुढं. म्हणजे आमच्या जिल्ह्यात शुभवर्तमान आलं ते नगरमार्गे, आणि नगरात जे घडलं त्याचं वळण आमच्या मंडळ्यांना लागलं.

सुरुवातीची गाणी इंग्रजीवरून उतरवलेली होती. शब्द मराठी, चाल परकी. चार ओळींच्या ठरीव कडव्यात मराठी शब्द कोंबून बसवायचे, ऱ्हस्वाचा दीर्घ करायचा, आणि सगळ्यांनी उभं राहून ते एका सुरात म्हणायचं. शहरातल्या शाळेत शिकलेल्या मुलांना ते जमलं. पण वेशीबाहेरच्या वस्तीत रात्री दिवटीच्या उजेडात बसलेल्या माणसांच्या ओठी ते येईना. ज्यांनी जन्मभर एकतारी, संबळ आणि हलगी ऐकली त्यांचा कान निराळा. पाठ होत नाही ते गाणं घरी जात नाही, आणि घरी जात नाही तो उपदेश दुसऱ्या दिवशी उरत नाही.

ही अडचण नगरच्या मंडळीतल्याच माणसांनी सोडवली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यांतलं मोठं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बायबलमधल्या कथा कीर्तनात बांधल्या. कीर्तनाची ठेवण सगळी आपलीच. आधी नमन, मग निरूपणाचं पद, मग आख्यान. मागं टाळकरी, साथीला मृदंग, एकतारी. फक्त आख्यान योसेफाचं, नाहीतर रूथचं, नाहीतर उधळ्या पुत्राचं. नगरला वर्षातून एकदा सगळ्या मंडळ्यांचा मेळा भरे, त्याला 'ऐक्य' म्हणत. बैलगाड्या जोडून, भाकरी बांधून माणसं येत. अशा मेळ्यांतून ऐकलेली कीर्तनं माणसं गावोगाव घेऊन गेली. ज्यांनी प्रार्थनामंदिराची पायरी चढली नसती, असे गावातले पाटील-कुलकर्णीही चावडीपुढं कीर्तन ऐकायला बसत, हे त्या काळच्या मिशनच्या लोकांनीच नवलानं लिहून ठेवलं आहे.

मला यात मोठी गोष्ट दिसते ती अशी. कुणी साहेबानं हुकूम काढला म्हणून हे झालं नाही. ज्यांना ख्रिस्त कळला होता त्यांना तो आपल्या माणसांपर्यंत पोचवायचा होता, आणि हाताशी जे होतं तेच त्यांनी उचललं. आख्यान रंगलं की ऐकणारा मान डोलावतो, त्याला कळायच्या आत उधळा पुत्र डुकरांच्या शेंगांवर डोळा ठेवून बसलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला आपलाच पुण्या-मुंबईला गेलेला भाऊ आठवतो.

आता माझ्या घराकडं वळते. माझे आजोबा मांग समाजातले, बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांची सनई पंचक्रोशीत नावाजलेली होती. नगरकडं ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार समाजातले. सोलापूरकडं मांगवाड्यांतूनही माणसं आली. गावगाड्यात मांगाचं काम ठरलेलं होतं. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, देवापुढं आणि वरातीपुढं वाजवायचं. त्याबदली सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं. बाप्तिस्मा घेतला की देवापुढचं वाजवणं सुटलं, आणि ते सुटलं की गावानं बलुतंही तोडलं.

आम्हाला आजही कुणीतरी सुनावतं, की तुमची माणसं पोटासाठी ख्रिस्ती झाली. मी त्याला नेहमी खळ्याचा हिशेब सांगते. दुष्काळात मिशनच्या दारात आसऱ्याला आलेली माणसं होती, ते मी नाकारत नाही. १८७६चा आणि पुढं १८९९–१९००चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं ज्या हालात काढला, त्यात जिथं चूल पेटली होती तिथं माणूस गेला, त्याला नावं कसली ठेवायची? पण चांगल्या सालात, उभी ज्वारी शिवारात असताना, ज्यानं खळ्यावरचा आपला वाटा सोडून बाप्तिस्मा घेतला, त्यानं पोटावर पाय देऊन घेतला. आजोबांनी तेच केलं. आजी सांगायची, पहिल्या वर्षी खळ्यावर गेलेले आजोबा रिकामं पोतं खांद्यावर टाकून परत आले, आणि त्या रात्री त्यांनी घरात सनई वाजवली.

तरी त्याच आजीचं मडकं मी पाहिलेलं आहे. रोज दळायला घेताना ती ज्वारीची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ते मंडळीचं. महिन्याच्या शेवटी मडकं पाळकसाहेबांच्या घरी रिकामं व्हायचं. घरात दोन वेळची भाकरी पुरेल की नाही अशी साल असली तरी मूठ चुकली नाही. तिला लिहितावाचता येत नव्हतं. विश्वास म्हणजे काय असं विचारलं असतं तर तिनं काही उत्तर दिलं नसतं, दळायला बसली असती.

आजोबांची सनई मात्र प्रार्थनेत कधी वाजली नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं सांगितलं, की देवापुढं वाजलेलं वाद्य इथं नको. पेटी चालली, कारण ती साहेबाच्या घरातून आली होती. एकतारी चालली. सनई नाही चालली. आजोबा भांडले नाहीत. पण जे सूर एका देवळापुढं वाजले ते देवाला नकोसे होतात, हे मला आजही पटत नाही. ज्या मंडळीनं कीर्तन उचललं, तिनं सनईला बाहेर ठेवायला नको होतं.

आणि ज्या माणसानं मराठी ख्रिस्ती गाण्याला खरी वाचा दिली, तो तर म्हणायचा की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण घरात. कवी, संस्कृतचे जाणकार, कुठल्याच नोकरीत न टिकणारे, स्वतःचा नवा धर्म काढायच्या विचारात असलेले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले ते अडलेच. मुंबईच्या जस्टिन अॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. हे अॅबट अमेरिकन मिशनरी, पण पुढं निवृत्तीनंतरची वर्षं त्यांनी महिपती, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांना इंग्रजीत नेण्यात घालवली. तुकोबांचा तो पूल या दोघांनी दोन बाजूंनी ओलांडला.

बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनी रोख मोजली. भाऊबंद तुटले, आणि पत्नी तुटली. लक्ष्मीबाई तेव्हा पंचविशी ओलांडलेल्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कपाळाचं कुंकू आहे, पण घर नाही. या काळात त्या राहिल्या कुठं, तर आमच्या जिल्ह्यात, पंढरपुरात, थोरल्या बहिणीच्या, भिकूताईंच्या आसऱ्याला.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी अनेकदा वाचलं आहे, पण पंढरपूरच्या पानांशी दर वेळी थांबते, कारण ते रस्ते माझ्या पायाखालचे आहेत. तेव्हा पंढरपूरला रेल्वे नव्हती. कल्थ्रॉप साहेबाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली १८९७ मध्ये, आणि तिचा फाटा पंढरपूरला गेला तो १९०६ साली. त्याआधी मोठ्या गाडीनं बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचं आणि पुढं टांग्यानं नाहीतर बैलगाडीनं धूळ खात जायचं. त्या गावात, विठोबाच्या सावलीत, एक बाई रडत होती आणि रडता रडता पदं रचायला लागली होती. तिला नीट लिहिताही येत नव्हतं. अक्षरओळख नवऱ्यानंच करून दिलेली, तीही तुटक. आणि टिळकांची पत्रं येत राहिली. त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, दुसरं लग्न केलं नाही, वाट पाहिली.

पुढं त्या नवऱ्याजवळ नगरकडं गेल्या, तरी प्रथम वेगळी चूल मांडून. सोवळंओवळं पाळत, पाणी वेगळं भरत. मग एका प्रवासात त्यांच्या मनानं एक प्रश्न धरला, की माणसाची जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर गाय आणि घोडा जसे उघड वेगळे तसं काहीतरी शरीरावर दिसलं असतं. कुणी प्रवचन दिलं नाही, कुणी पुस्तक पुढं केलं नाही. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपल्याशीच हा निकाल केला आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. माझ्या आजीच्या हातचं पाणी प्यायला जो तयार नाही त्याच्या तोंडच्या ख्रिस्ताचं आजीला काय करायचं होतं?

लक्ष्मीबाईंचं नाव निघालं की लोक त्यांच्या विनोदाबद्दल बोलतात. मी परिचारिका असल्यामुळं माझं लक्ष साथीवर जातं. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत शिरला आणि पुढची कित्येक वर्षं पुणे, नगर, सोलापूर सगळीकडं फिरत राहिला. गावं ओस पडून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. सख्खे भाऊ मढ्याला खांदा द्यायला येईनात. अशा दिवसांत नगरला साथीच्या छावणीत टिळक आणि लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभे राहिले. ज्या बाईनं काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घागरीला हात लावला नसता, ती परक्या पोरींचं ओकणं पुसत होती. तिच्यापाशी जंतुनाशक औषधांची आजची सोय नव्हती. गाठ फुटलेल्या रोग्याला हाताळायचं म्हणजे काय ते ज्यानं हाताळलं त्यालाच कळेल.

दुष्काळानंतर सोलापुरात केसकर दांपत्यानं अनाथ पोरांना घरात घेतलं आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान चालवलं, तेही याच पिढीचं काम. केसकर डॉक्टर आपल्याच मातीतले. अशा माणसांविषयी आपण फार थोडं बोलतो. मिशनरी म्हटलं की गोरा चेहरा डोळ्यांपुढं येतो, आणि जखमा धुणारी मराठी माणसं मागं राहतात.

२०२० आणि २०२१ साली मला या सगळ्याचा अर्थ अंगावर घालून कळला. तो प्लास्टिकचा पोशाख, आत घामाची धार, चष्म्यावर वाफ, आणि बाहेर जेवण ठेवून पळणारे नातेवाईक. वॉर्डात एक म्हातारबाबा होते, वारकरी, गळ्यात माळ. आयुष्यात एकदाही आषाढी चुकली नव्हती, आणि त्या २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या होत्या. बाबांना त्याचाच ध्यास. ऑक्सिजन लावलेला, बोलवत नव्हतं. रात्रपाळीला सलाईन बदलताना मी माझ्या नादात एक पद गुणगुणत होते, टिळकांचं. मास्कच्या आतून शब्द कळण्यासारखे नव्हते, पण चाल अभंगाची. बाबांची बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरायला लागली. बरोबर समेवर येत होती. मी थांबले तर त्यांनी बोट हलवून सांगितलं, चालू दे.

सकाळी त्यांनी विचारलं, "सिस्टर, कुणाचा अभंग तो?"

मी म्हटलं, "टिळकांचा, बाबा. आमच्यातले."

"तुमच्यातले म्हंजे?"

"ख्रिस्ती."

ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चाल आमची हाय."

"होय, बाबा. चाल तुमचीच आहे."

ते बरे होऊन घरी गेले. मी त्यांना काही शिकवलं नाही, त्यांनी काही स्वीकारलं नाही. पण त्या रात्रींत जी भीती माझ्या पोटात होती, आपल्याला काही झालं तर घरी कुणाचं काय, ती त्या ठेक्यानं उतरली. भरवसा ठेव असं शास्त्रात शंभर वेळा वाचलं होतं. भरवसा ठेवायचा म्हणजे भीती जाते असं नव्हे, भीती तशीच असते आणि पाळी संपेपर्यंत हात चालू राहतो. लक्ष्मीबाईंनी छावणीत हेच केलं असणार.

टिळकांच्या आयुष्यातला शेवटचा टप्पा फार थोड्यांना माहीत असतो. फुलांवर आणि मुलांवर लिहिणारा कवी, बालकवी ठोंबऱ्यांना घरात ठेवून घेणारा वडीलधारा माणूस, एवढी ओळख शाळेच्या पुस्तकातून होते. पण १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, तब्येत खालावलेली असताना, या माणसानं मिशनचा पगार सोडला. भांडून सोडला नाही. त्यांना वाटत होतं, की पगार घेणारा उपदेशक आणि गाव यांच्यामध्ये ते पैसे उभे राहतात. ख्रिस्ताचा साधू असायला हवा, त्याचं पोट देवावर असायला हवं. साताऱ्याला बिऱ्हाड नेलं आणि 'देवाचा दरबार' मांडला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे ते, आणि ज्यांनी घेतलेला नाही पण ख्रिस्ताला गुरू मानलं आहे तेही, असे दोघं एका सतरंजीवर बसावेत, ही त्यातली कल्पना. तेव्हाच्या मंडळ्यांना ती झेपली नाही. आजच्याही कितीजणांना झेपेल कोण जाणे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. अस्थी नगरला आणल्या.

घरात पैसा नाही, आणि हातात अर्धवट महाकाव्य. 'ख्रिस्तायन' टिळकांनी १९०९ मध्ये सुरू केलं होतं, दहा-अकरा अध्याय झाले होते. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, साठाहून अधिक अध्याय लिहून. जिला कधी धड शाळा मिळाली नाही तिनं! सोबत 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये छापून आलं. आशा म्हणजे काय ते मी या कामात पाहते. नवरा गेला, प्रकाशक कोण ते ठाऊक नाही, वय झालेलं, आणि बाई रोज ओव्या रचते आहे, कारण येशूची कथा अर्धी सोडता येत नाही.

आमच्या हातात आज जे 'उपासना संगीत' आहे, त्यात सांगळे आहेत, टिळक आहेत. पुस्तक उघडून आपण क्रमांक सांगतो आणि गायला लागतो. त्या क्रमांकामागं कुणाचं तुटलेलं घर आहे, कुणाचं रिकामं पोतं आहे, ते दिसत नाही. अलीकडं आमच्या तरुणांना मोबाइलवरची गाणी आवडतात. गिटार, ड्रम, हिंदी शब्द, सगळ्यांचा एकच सूर. मी त्यांना अडवत नाही, त्यांचं मन त्यात लागतं आहे. पण पुढच्या वस्तीतल्या म्हातारीला ओट्यावर येऊन बसावंसं वाटेल असं त्यात काही नाही. एका पोरानं मला सरळ विचारलं, "आजी, कीर्तन म्हणजे हिंदूंचं ना?" त्याला मी 'ऐक्या'च्या मेळ्यांबद्दल सांगितलं, सांगळ्यांबद्दल सांगितलं, त्याच्या खापरपणजोबाच्या सनईबद्दल सांगितलं. तो माझ्या भावाचा नातू. सनई घरात अजून आहे, पत्ती गेलेली, तोंडाशी पितळ हिरवं पडलेलं. त्यानं ती घासूनपुसून घेतली आणि बार्शीच्या एका वाजंत्र्याकडं नेली. पत्ती बसली आहे. पोराचा श्वास अजून पुरत नाही, सूर फाटतो, पण वाजते.

यंदाच्या नाताळाला आम्ही उधळ्या पुत्राचं आख्यान लावतो आहोत. नमनाचं पद पोरी म्हणणार. धाकटा वाटणी मागतो आणि दूर देशी जातो हा भाग मी साध्या गद्यात सांगणार, कारण वैरागच्या माणसाला वाटणीचं भांडण गाऊन दाखवावं लागत नाही. बाप लांबून मुलाला ओळखतो आणि धावत सुटतो, तिथं सनई वाजवायची असं ठरलं आहे. वऱ्हाड आल्यावर वाजते तशीच, उघड्या अंगणात. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "वाजवा की, बापानं वाजंत्री लावली होती असं शास्त्रातच आहे." थोरल्या भावाचं पद मात्र अडलं आहे. तो शेतातून घरी येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. त्या समजुतीला कुठली चाल लावावी ते जमत नाही. अभंगाची लावली तर फार निवांत वाटते, आणि दुसरी कुठली बसत नाही. शनिवारी पुन्हा बसणार आहोत.